काटेरावांच्या अंगणातली घाणेरी

एका जंगलात एक अंगण होतं. जंगलात अंगण कसलं, असा प्रश्न ज्याला पडला असेल त्याने तो गोष्ट संपेपर्यंत मुठीत धरून ठेवावा. पुढे या गोष्टीत सभा आहे, सत्कार आहे, साहेबसुद्धा आहेत. अंगणालाच अडलात तर पुढे कसं व्हायचं?

तर मुलांनो, ते अंगण होतं काटेरावांचं. काटेराव म्हणजे साळिंदर. अंगावर हे एवढाले काळेपांढरे काटे. वाटेत दिसले तर वाघसुद्धा जरा बाजूने जायचा. पण अशा या काटेरावांच्या तोंडून जन्मात कधी 'नाही' हा शब्द निघाला नव्हता. कोणी काही मागो, कोणी काही सांगो, काटेराव मान डोलावणार आणि म्हणणार, "बघू की आपण." नुसते अंगावर काटे असून भागत नाही, मुलांनो. थोडे जिभेवरही असावे लागतात. या घरात ती वाटणी सगळी सायाळबाईंच्या पदरात पडली होती. सायाळबाई म्हणजे काटेरावांच्या मंडळी.

आता अंगणात झुडूप कुठून आलं, ते ऐका.

काटेरावांनी नवं बीळ खणलं, तेव्हा वास्तुशांतीला खोकडनाना आले होते. खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा चुलतभाऊ. अंगाने लहान, शेपटीने मोठा आणि तोंडाने त्याहून मोठा. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून नानांनी वाटेतच घाणेरीची एक फांदी मोडून घेतली.

"शोभेचं झाड आहे, काटेराव. दारात लावा. पिवळी, गुलाबी फुलं येतात. घराला शोभा येते."

घाणेरी तुम्ही पाहिली असेल. ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, पडक्या कुंपणाला, कुठेही उगवते. पान चुरगळलं की नाक धरावं लागतं. दारात लावायची ती वस्तूच नव्हे. सायाळबाई तेव्हाच हळूच म्हणाल्या होत्या, "अहो, पाहुणे वळले की ओढ्यात टाकून द्या ती."

पण प्रेमाने आणलेली भेट टाकायची कशी? काटेरावांनी फांदी लावली. वर रोज पाणीही घातलं. घाणेरीला पाणी घालणारे ते जंगलातले पहिलेच. पुढेही कोणी घातल्याचं ऐकिवात नाही.

घाणेरी म्हणजे बोट दिलं की हात धरणारी जात. आधी ती गुडघ्याएवढी झाली. मग दाराएवढी झाली. मग दार दिसेनासं झालं, अंगण दिसेनासं झालं आणि शेवटी घरात ऊन येईनासं झालं. बिळात ओल धरली. कुबट वास सुटला. काटेरावांना घराबाहेर पडताना तिरकं व्हावं लागे, आणि तरीही जाता-येता त्यांचा एखादा काटा फांद्यांत अडकून राहायचा. लांबून बघणाऱ्यांना वाटे, घाणेरीला काटेही चांगले येतात.

अशात सायाळबाईंना दिवस गेले. दिवस भरत आले, तेव्हा एका सकाळी त्यांनी विषय काढला.

"अहो, ऐकलंत का? माझं बाळंतपण आता महिन्यावर आलंय. मला दारात ऊन हवंय. या ओलीत पिल्लं जन्माला आली, तर बोलायच्या आधी खोकायला शिकतील."

"बघू की आपण," काटेराव म्हणाले.

"बघायलासुद्धा उजेड लागतो!" सायाळबाई म्हणाल्या, आणि त्यांनाच खोकल्याची उबळ आली.

साळिंदरं तर रात्री हिंडतात, त्यांना कशाला ऊन, असं कोण पुटपुटलं तिकडे? हुशार आहेस. पण बाळंतिणीला ऊन लागतंच, मग ती कोणीही असो. घरी जाऊन आईला विचार.

काटेरावांचा बायकोवर फार जीव होता. ती खोकायला लागली की हातातलं काम टाकून ते धावायचे. त्यांनी ठरवलं, उद्या सकाळी घाणेरी तोडायचीच. आणि ते अवघडही नव्हतं. साळिंदराचे दात म्हणजे सुताराची पटाशी. मुळं कुरतडायची, झुडूप ओढायचं, ओढ्यात ढकलायचं. दुपारच्या जेवणाआधी काम उरकलं असतं.

पण त्या जंगलात एक रीत होती. कुठलंही झाड तोडायचं तर आदल्या संध्याकाळी त्याच्यापुढे उभं राहून त्याला सांगायचं, 'बाबा रे, उद्या तुला हात लावणार आहे. रागावू नकोस. आणि तुझ्या आसऱ्याला कोणी असेल, त्याने आपली सोय बघावी.' चांगली रीत होती. इतर प्राणी हे मनातल्या मनात म्हणायचे, फार तर ओठांत पुटपुटायचे, आणि जेवायला जायचे.

काटेराव पडले सज्जन. ते हात जोडून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात सगळं म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सज्जनांना थांबता येत नाही. त्यांनी पदरचं वाक्य जोडलं :

"कोणाची काही गैरसोय होत असेल, तर संकोच करू नका. सांगा. बघू की आपण."

घाणेरीत खरं म्हणजे एकच बिऱ्हाड होतं, बुलबुलबाईचं. तिने ऐकलं आणि पानांतून डोकं बाहेर काढलं.

"सांगितलंत, बरं केलंत हो भावजी. माझी पोरं कालच उडाली. आता रिकाम्या घरट्यात मी तरी काय करू? वहिनींना म्हणावं, जपून राहा." एवढं बोलून ती भुर्रकन उडून गेली.

इथे आपली गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पलीकडच्या माळावर टिटवी बसली होती. टिटवीच्या पोटात काही राहत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दिवेलागणीपर्यंत सगळ्या जंगलाला कळलं, की काटेराव घाणेरी तोडणार आणि जो कोणी आत राहत असेल त्याचं सगळं बघणार.

सकाळी काटेराव दगडावर दात घासून बाहेर आले. बघतात तर घाणेरी गदागदा हलते आहे. वाऱ्याची तर झुळूकही नव्हती.

त्यांनी फांद्या बाजूला केल्या. एका फांदीवर घोरपडकाका पाय पसरून पडले होते. त्यांच्या डोक्यावर होला आणि होली तीन काड्या मांडून 'हे आमचं घरटं' असा चेहरा करून बसले होते. बुंध्याशी दोन सरडे जागेवरून भांडत होते. आणि मधोमध, कोरड्या मातीत, एक बेडूक अंग खाजवत बसला होता.

"तुम्ही सगळे इथे कधीपासून?" काटेरावांनी विचारलं.

"पिढ्यान् पिढ्या!" सगळे एका सुरात म्हणाले.

"माझे आजोबा याच फांदीवर गेले," घोरपडकाका म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

"पण काका, ही घाणेरी तर मीच लावली. आमच्या वास्तुशांतीला."

"म्हणजे आमच्या आजोबांच्या उरावर लावलीत!"

काटेराव ओशाळले. त्यांना खरंच वाईट वाटलं. आपण घोरपडकाकांच्या आजोबांचा विचारच केला नाही, असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात मागून शेपटी झुलवत खोकडनाना आले.

"काय हे, काटेराव! तुमच्यासारख्या सज्जनाने गोरगरिबांच्या घरावर दात चालवावेत?"

"अहो नाना, मंडळींचं बाळंतपण आलंय. दारात थोडं ऊन..."

"ऊन पाहिजेच! मी उन्हाच्या विरोधात नाही. कोणीच नाही. पण आधी यांची सोय, मग तोडणी. आधी दुसरं झुडूप उभं करा. कालच तुम्ही शब्द दिलात ना, बघू म्हणून?"

शब्द दिला होता खरा. काटेरावांनी घाणेरीचीच एक फांदी मोडली आणि अंगणाच्या दुसऱ्या कडेला लावली. खोकडनाना उभे राहून कुठे लावायची ते दाखवत होते. लावून झाल्यावर काटेरावांनी, सवयीने, तिला पाणी घातलं.

ते घरात आले तेव्हा सायाळबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"झाली का तोडून?"

"होईल. आधी एक लावावी लागली."

सायाळबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं काटेरावांना बरेच दिवस पुरलं.

पुढे काय झालं म्हणता? जे व्हायचं तेच. नवी फांदी मोठी होईपर्यंत जुनीला हात लावायचा नाही, असं ठरलं. 'घाणेरी रहिवासी संघ' स्थापन झाला. खोकडनाना अध्यक्ष झाले. ते स्वतः घाणेरीत राहत नव्हते, कारण त्यांना तो वास सहन होत नसे. संघाचं पहिलंच म्हणणं असं पडलं, की काटेराव जाता-येता फांद्या हलवतात, त्याने रहिवाशांची झोप मोडते. मग काटेरावांनी मागच्या बाजूने नवं दार खणलं. बेडकाला अंगाला गारवा लागे, म्हणून ते ओढ्यावरून पाणी आणून त्याच्या भोवती शिंपडू लागले. घाणेरीला ते पाणी फार मानवलं. ती आणखी फोफावली.

आणि आत सायाळबाई खोकत होत्या. काटेराव त्यांच्यासाठी कंद उकरून आणायचे, पाय चेपून द्यायचे, आणि खाली मान घालून बसायचे. त्यांची चूक त्यांना कळत नव्हती असं नाही. पण मुलांनो, चूक कळणं वेगळं आणि नाही म्हणणं वेगळं.

एक दिवस राजेसाहेबांच्या झाडझुडूप खात्याचे अस्वलसाहेब पाहणीला आले. त्यांनी घाणेरीला एक फेरी घातली. पिकलेली काळी फळं दिसली, ती खाल्ली. मग आणखी कुठे आहेत का, याची बारकाईने पाहणी केली. मग सावलीत बसले आणि तिथेच त्यांचा डोळा लागला. उठल्यावर म्हणाले, "प्रश्न गंभीर आहे. याच्यावर सभा घ्यावी लागेल."

"आणि सभेत काटेरावांचा सत्कारही ठेवू," खोकडनाना म्हणाले. "ज्याने ही घाणेरी लावली, पाणी घालून पोटच्या पोरासारखी वाढवली, त्याच्या खांद्यावर एक शाल नको का?"

"अहो नाना," काटेराव चाचरत म्हणाले, "पण मला ती तोडायची आहे." इतकं स्पष्ट ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

"तेच तर! तोडायची असूनही तुम्ही तोडली नाहीत. यालाच त्याग म्हणतात, काटेराव. सत्काराला हो म्हणा."

"बघू की आपण," काटेराव म्हणाले.

सभेचा दिवस उजाडला. सायाळबाईंच्या सकाळपासून कंबरेत दुखत होतं. काटेराव दाराशी घुटमळत होते.

"आज जायलाच हवं का?" सायाळबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीसारखा धारदार नव्हता.

"सत्कारमूर्तीच नसेल तर ते कसं दिसेल गं," काटेराव म्हणाले. आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की अंगावरचे सगळे काटे आडवे झाले.

सायाळबाईंनी दारातल्या घाणेरीकडे पाहिलं. मग एकदम म्हणाल्या, "सभेला सगळे जाणार का हो?"

"सगळे. संघच आहे ना तो. घोरपडकाकासुद्धा निघालेत. नंतर अल्पोपाहार आहे."

"आणि टिटवी?"

"ती तर पहिल्या रांगेत बसणार."

"मग तुम्ही जाच," सायाळबाई म्हणाल्या. "बिनघोर जा. आणि हे बघा, दोन शब्द बोला म्हणाले तर दोनच बोलू नका. चांगलं लांबलचक भाषण करा."

काटेराव बायकोलाही कधी नाही म्हणाले नव्हते. ते गेले.

सभा माळावरच्या वडाखाली होती. खोकडनानांनी प्रास्ताविक केलं. घोरपडकाकांनी आजोबांची आठवण सांगितली. त्यात या वेळी आजोबांबरोबर आजीही त्याच फांदीवर गेल्या. मग अस्वलसाहेब उठले. "आजपासून ही घाणेरी म्हणजे जंगलाचा ठेवा," ते म्हणाले. "राजेसाहेबांना मी शब्द दिला आहे. तिचं पानही कोणी तोडणार नाही. ही जबाबदारी माझी." टाळ्या पडल्या. एक मोठी लाकडी पाटी आणली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'संरक्षित घाणेरी. पान तोडू नये.'

मग काटेरावांना नारळ दिला आणि शाल पांघरली. शाल पांघरताक्षणी तिला जागोजाग भोकं पडली. सर्वांनी ती बघून न बघितल्यासारखं केलं, कारण सत्कारात तसंच करायचं असतं.

"सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत," खोकडनाना म्हणाले.

काटेराव उभे राहिले. जीव सगळा बिळाकडे लागलेला. पण लांबलचक बोला, असं बायकोने बजावलं होतं. त्यांनी फांदी कशी लावली ते सांगितलं. पाणी कसं घातलं ते सांगितलं. ओढा किती लांब आहे, वाटेत कुठले दगड लागतात, तेही सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर बसायला लागले, तर सूर्य अजून पुरता डोक्यावरही आला नव्हता. तेव्हा त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बेडूक हुंदके देऊन रडला. दोन्ही सरडे एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले.

अल्पोपाहार झाल्यावर पाटी रोवायला सगळे वाजतगाजत काटेरावांच्या घराकडे निघाले. काटेराव सगळ्यांत पुढे चालत होते, चालत कसले, पळतच होते. वळणावर आले आणि त्यांचे डोळे दिपले.

अंगणात ऊन पडलं होतं. लख्ख, पिवळं, भरपूर ऊन. इतकं ऊन आपल्या अंगणात मावतं, हेच काटेराव विसरून गेले होते. घाणेरी नव्हती. तिची मुळं नव्हती. दुसऱ्या कडेची नवी फांदीही नव्हती. ओढ्यातून काहीतरी हिरवंगार वाहत चाललं होतं. आणि दाराशी, पहिल्या दाराशी, सायाळबाई उन्हाला पाठ देऊन बसल्या होत्या. तोंडाला माती लागलेली. कुशीत दोन पिल्लं. पिल्लांचे काटे अजून मऊ होते, आणि ते उन्हात वाळत होते.

"कळ आली की बसत होते," सायाळबाई काटेरावांना हळूच म्हणाल्या, "ओसरली की एक मूळ तोडत होते. शेवटचं मूळ आणि थोरला, दोघं बरोबरच सुटले."

काटेरावांच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी बायकोच्या तोंडावरची माती पुसली.

मागे सगळा जमाव पाटी घेऊन उभा होता. बेडूक ओरडला, "आमचं घर कुठे गेलं?" खोकडनानांनी आरोळी ठोकायला तोंड उघडलं. पण उघडता उघडता त्यांची नजर अस्वलसाहेबांकडे गेली.

अस्वलसाहेबांना दरदरून घाम फुटला होता. पानही तोडू देणार नाही, असा शब्द राजेसाहेबांना दिलेला. जबाबदारी स्वतःच्या तोंडाने घेतलेली. आणि तीही आजच, भर सभेत. त्यांनी डोळे बारीक केले. मोकळ्या अंगणाकडे बराच वेळ बघितलं.

"झुडूप जागेवर आहे," ते म्हणाले.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. खोकडनानांचं डोकं भराभर चाललं. झुडूप नाही तर संघ नाही. संघ नाही तर अध्यक्ष कसला?

"आहे म्हणजे काय! आहेच!" नाना म्हणाले. "उलट सकाळपेक्षा दाट झालंय."

"अहाहा, काय सावली आहे!" घोरपडकाका उन्हात घाम पुसत म्हणाले.

"गारेगार," बेडूक म्हणाला, आणि पाठ भाजली म्हणून उड्या मारत ओढ्याकडे पळाला.

"या ना, पुढे या," सायाळबाई म्हणाल्या. "जरा वाकून या हं. फांद्या लागतील."

सगळे वाकले. अस्वलसाहेब तर इतके वाकले, की रांगतच अंगणात आले. उन्हाच्या मधोमध त्यांनी पाटी रोवली. मग काटेरावांकडे वळून, जरा घाबरतच, त्यांनी विचारलं, "काटेराव, तुमची काही हरकत?"

काटेरावांनी पाटीकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. पिल्लांकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले.

जन्मातला पहिला 'नाही'! तोंडून निघाला तेव्हा त्यांना फार हलकं वाटलं. मग त्यांनी खांद्यावरची शाल काढली आणि पिल्लांवर पांघरली. शालीला भोकं होती, तेव्हा त्यांतून पिल्लांना ऊनही लागत राहिलं.

संध्याकाळपर्यंत सगळे रहिवासी आपापल्या खऱ्या घरी गेले. घाणेरीला धोकाच उरला नाही, तर तिच्यात राहायचं कशाला? आता दर वर्षी तिथे सभा होते. दर वर्षी अस्वलसाहेब वाकून पाहणी करतात आणि घाणेरी वाढल्याचं राजेसाहेबांना कळवतात. फळं मिळत नाहीत, एवढं मात्र त्यांना खटकतं. त्या घाणेरीच्या बरोबर मधोमध सायाळबाई कुरडया वाळत घालतात, आणि पिल्लं पाटीला पाठ घासतात.

पुढच्या विणीच्या दिवसांत बुलबुलबाई परत आली. पाटीच्या टोकावर बसली.

"वहिनी, या पाटीच्या मागे घरटं बांधू का? तुमची गैरसोय नाही ना व्हायची?"

"बांध की गं," सायाळबाई म्हणाल्या.

काटेराव पुढे झाले. त्यांनी हात जोडले, घसा खाकरला. "बुलबुलबाई, उद्या पाटी काढायची झालीच, तर मी आधी तुला..."

"हळू बोला," सायाळबाई म्हणाल्या. "माळावर टिटवी आहे."

तात्पर्य : अंगणातले झुडूप तोडण्याआधी सर्वांना विचारावे. त्याशिवाय ते सभेला जात नाहीत.